घराला कुलूप, पडवीत कुत्रे

वाचकहो, या सदरात आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, दमा, पावसाळ्यातील ताप अशा विषयांवर बोलत आलो. आजचे शीर्षक वाचून काहींना वाटेल, डॉक्टरांनी आता गुरांचा दवाखाना उघडला की काय! तसे काही नाही. मी माणसांचा डॉक्टर आहे आणि कुत्र्याच्या औषधपाण्यासाठी पशुवैद्यकांकडेच जावे, हे आधीच सांगून ठेवतो. परंतु हातखंब्याच्या तिठ्यावर इतकी वर्षे दवाखाना चालवताना एक गोष्ट मला वारंवार दिसत आली आहे. दिवसभर एकटे ठेवलेले कुत्रे हा त्या घराच्या, आणि पुष्कळदा शेजारच्या घराच्याही, आरोग्याचा प्रश्न होऊन बसतो. कोणाला चावा, कोणाची झोपमोड, कोणाचे भांडण होऊन वाढलेला रक्तदाब, असे सगळे शेवटी माझ्या टेबलापर्यंत येते. म्हणून आज हा विषय.

घरे रिकामी झाली

आमच्या लहानपणी कोकणातले घर दिवसा कधी रिकामे नसे. कर्ती माणसे शेतात किंवा बागेत गेली तरी आजी ओटीवर वाती वळत बसलेली असे, परसात कोणीतरी भांडी घाशीत असे, पोरे खळ्यात खेळत असत. कुत्र्याला मुद्दाम कोणी पाळीत नसे, ते घरचेच असे. सकाळी धन्याबरोबर शेतावर जाई, दुपारी पडवीत ताणून देई, संध्याकाळी गुरांच्या मागून परत येई. त्याला साखळी ठाऊक नव्हती आणि एकटेपणही ठाऊक नव्हते.

आता पाहा. हातखंबा, निवळी, पाली, खेडशी या पट्ट्यातील कितीतरी घरे सकाळी नवाच्या आत कुलूपबंद होतात. नवरा औद्योगिक वसाहतीत, बायको रत्नागिरीत नोकरीला किंवा दुकानात, मुले शाळा-कॉलेजात. जाण्यायेण्याचा वेळ धरला तर घर नऊ-दहा तास बंद. म्हातारी माणसे एक तर राहिली नाहीत, नाही तर मुंबईला मुलाकडे. महामार्ग जवळ, चोराचिलटांची भीती, म्हणून कुत्रे मात्र हवे. मग ते पडवीच्या खांबाला बांधून, पुढ्यात भाताची थाळी सरकवून मंडळी निघतात.

त्यात करोनाच्या काळाची भर पडली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत पिल्ले आली. तेव्हा चोवीस तास घरात माणसे होती. मुलांना विरंगुळा झाला, पिल्लालाही सवय झाली. पुढे कामे सुरू झाली, शाळा उघडल्या आणि ते जनावर एका दिवसात एकटे पडले. त्याला हे कोणी समजावून सांगणार कसे?

जनावराला काय कळते?

"डॉक्टर, जनावराला काय कळतंय? ते दिवसभर झोपून असतं," असे एका गृहस्थांनी मला ऐकवले होते. यात थोडे तथ्य आहे. मोठे, निरोगी कुत्रे दिवसाच्या चोवीस तासांतील बारा तासांच्या आसपास झोपते. त्यामुळे पोट भरलेले, हिंडून-फिरून आलेले, सवय असलेले कुत्रे तीन-चार तास एकटे राहिले तर त्यात क्रौर्य काही नाही. नोकरी करणाऱ्याने कुत्रे पाळूच नये, असेही माझे म्हणणे नाही.

परंतु कुत्रे मुळात कळपात राहणारे. आपले घर हाच त्याचा कळप. हा कळप अचानक नाहीसा होतो तेव्हा काही कुत्र्यांना खरोखरच घाबरल्यासारखे होते. माणसाला घाबरल्यावर छातीत धडधडते, घाम फुटतो, एका जागी बसवत नाही, तसलाच हा प्रकार. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की ते येरझाऱ्या घालू लागते, विव्हळते, सलग भुंकते, तोंडातून लाळ गळते, दाराची चौकट कुरतडते, एरवी कधी न करणारे घरात लघवी-शी करून ठेवते. यातील बहुतेक प्रकार धनी बाहेर पडल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात सुरू होतात. आपले कुत्रे मागे काय करते हे पाहायचे असेल तर जुना मोबाइल खिडकीत चित्रीकरणाला लावून जावे. शेजाऱ्यांना विचारले तरी चालेल, ते आनंदाने सांगतील!

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. संध्याकाळी घरी आल्यावर फाटलेली चप्पल दिसते, आपण ओरडतो, कुत्रे कान पाडून अंग चोरते आणि आपण म्हणतो, "बघा, चूक केली हे त्याला कळलं." अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खाऊ खरोखर चोरला आहे की नाही याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. धनी रागावला की तो चेहरा दिसे, मग कुत्रे निर्दोष का असेना. दुपारी केलेल्या उद्योगाबद्दल संध्याकाळी मारले तर कुत्र्याला एवढेच कळते की माणूस घरी आला की मार बसतो. दुसऱ्या दिवशी त्याची घालमेल आणखी वाढते.

किती तास?

नेमका आकडा सगळे विचारतात. मोठ्या कुत्र्याला एका वेळी चार तासांपेक्षा अधिक एकटे ठेवू नये, असा सल्ला प्राणीकल्याणाचे काम करणाऱ्या संस्था देतात. स्वीडन देशात तर कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर सोडले पाहिजे असा सरकारी नियमच आहे. पिल्लाच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की, जितक्या महिन्यांचे पिल्लू तितके तास ते फार तर लघवी आवरू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू आणून दुसऱ्या दिवशी आठ तास कोंडून ठेवणे म्हणजे बालवाडीच्या मुलाला वर्गात बंद करून बाईंनी घरी जाण्यासारखे आहे. म्हाताऱ्या कुत्र्यालाही इतके तास लघवी आवरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांचे घर नऊ तास बंद असते त्यांनी मधली एक फेरी कोणाकडून तरी करून घेतलीच पाहिजे. दुपारी एक-दीडच्या सुमारास शेजारच्या काकूंनी अर्धा तास येऊन पाणी बदलले, कुत्र्याला परसात फिरवून आणले, दोन शब्द बोलल्या, तरी दिवसाचे दोन तुकडे होतात. त्या बदल्यात त्यांचा रेशनचा तांदूळ आणावा, लाइटचे बिल भरावे. आपल्याकडे शेजारधर्म अजून शिल्लक आहे, त्याचा उपयोग करावा.

निघण्यापूर्वी काय करावे?

सकाळी उठल्याबरोबर निदान अर्धा तास कुत्र्याला चालवून आणा. आपल्या गुडघ्यांना आणि साखरेलाही ते मानवते. (माझ्या मधुमेही रुग्णांपैकी जे कुत्र्यामुळे रोज चालतात, त्यांना चालायला जा म्हणून मला सांगावे लागत नाही.) चालून आल्यावर खाऊ घाला, थोडा वेळ शांत बसू द्या आणि मग निघा. निघताना कुरवाळणे, "येतो हं सोन्या, रडू नकोस" असली निरोपानिरोपी करू नका. परत आल्यावरही दारातच धुमाकूळ घालू देऊ नका. चप्पल काढावी, हातपाय धुवावेत, ते शांत झाले की मग जवळ घ्यावे. आपले जाणे-येणे ही काही मोठी घटना नाही, हे त्याला आपल्या वागण्यातून कळते.

नव्या कुत्र्याला एकटेपणाची सवय पायरीपायरीने लावावी. पहिल्या दिवशी दार ओढून घेऊन दोन मिनिटांत परत यावे. मग पाच मिनिटे, दहा, अर्धा तास. ते शांत राहिले तरच पुढची पायरी. किल्ल्या वाजल्या की घाबरत असेल तर दिवसातून चार वेळा किल्ल्या उचलून पुन्हा ठेवाव्यात, बाहेर जाऊ नये. हे दोन-तीन आठवड्यांचे काम आहे, काही कुत्र्यांना अधिक दिवस लागतात. मन रमायला काहीतरी हवे. करवंटीत चिकटवून दाबलेला दहीभात चाटून संपवायला कुत्र्याला चांगला वेळ लागतो. मात्र कुत्रे करवंटीच कुरतडून खाणारे असेल तर हे करू नये.

एवढे करूनही कुत्रे अंगाला जखमा होईपर्यंत दार ओरबाडत असेल तर पशुवैद्यकांना दाखवा. त्यावर औषधे आहेत, पण ती त्यांनीच द्यायची. आपल्या घरातील झोपेची गोळी अर्धी मोडून कुत्र्याला देणारे महाभाग मी पाहिले आहेत. कृपा करून असे करू नका.

साखळीचा प्रश्न

"भुंकणारे कुत्रे चावत नाही" ही म्हण ज्याने केली त्याने बांधलेले कुत्रे पाहिले नसावे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात चावणारी आणि न चावणारी कुत्री यांची तुलना करणारी एक पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. अंगणात साखळीने बांधून ठेवली जाणारी कुत्री चावणाऱ्यांच्या गटात असण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ तिपटीने अधिक आढळली. कारण समजण्यासारखे आहे. घाबरलेल्या प्राण्यापुढे दोन वाटा असतात, पळणे किंवा तुटून पडणे. साखळीने पहिली वाट बंद केली की दुसरीच उरते.

अशा घरी मोठी माणसे नसताना शेजारचे मूल चेंडू आणायला खळ्यात शिरते आणि रडत बाहेर येते. अशा मुलांच्या जखमा मी अनेकदा धुतल्या आहेत. मूल लहान म्हणजे त्याचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर. त्यामुळे गालाला, ओठाला, डोळ्याजवळ चावे होतात. कुत्र्याचा मालक कामावर, त्याचा फोन लागत नाही, लस टोचली आहे की नाही हे सांगायला कोणी नाही. पुढे दोन घरांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद होते ते वेगळेच.

शक्य असेल तर आवाराला चिऱ्याचा गडगा किंवा जाळीचे कुंपण घालून कुत्र्याला आत मोकळे ठेवावे आणि फाटकाला कडी लावावी. ते जमत नसेल तर दोन खांबांमध्ये तार ताणून साखळीची कडी तिच्यावर सरकती ठेवावी, म्हणजे त्याला येरझाऱ्या तरी घालता येतात. गळ्यात आवळणारा फास नको, पट्टा हवा. आणि साखळी अशी असू नये की कठड्यावरून उडी मारल्यावर कुत्रे लटकेल. ढगांचा गडगडाट आणि दिवाळीचे फटाके या दोन वेळी तर कुत्र्याला एकटे बांधून ठेवूच नये. आपल्याला ऐकू येत नाहीत असे पुष्कळ बारीक आवाज त्याला ऐकू येतात, मग तो धडाका त्याला कसा वाटत असेल, याची कल्पना करा. मोकळे सोडून द्यावे तर समोर महामार्ग. भेदरून धावलेले कुत्रे गाडीखाली येतेच, आणि त्याला वाचवायला गेलेला दुचाकीस्वारही पडतो.

कायद्याचेही येथे म्हणणे आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. एवढेच नव्हे, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरू न देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आज त्यात चहा-वडापावही धड होत नाही, ही गोष्ट निराळी. पण साठ वर्षांपूर्वी आपल्या संसदेला जे कळले ते आपल्याला कळायला हरकत नाही.

ऊन, पत्रा आणि गाडी

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा घाम पंजांच्या तळव्यांना येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून, जिभेवरचे पाणी उडवून बाहेर टाकावी लागते. आपल्या कोकणात मार्च ते मे हवेत ओलावा इतका की ते पाणी लवकर उडत नाही. म्हणजे पारा ३४ वरच असला तरी कुत्र्याची घालमेल देशावरच्या ३४ पेक्षा अधिक. कुत्र्याच्या अंगाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या पुढे गेले की उष्माघात. सिमेंटच्या पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्यावर ही वेळ दोन-तीन तासांत येऊ शकते. सकाळी नवाला असलेली सावली दुपारी एकला कुठे सरकते, हे एखाद्या रविवारी बसून पाहावे आणि मग जागा ठरवावी.

पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ते लवंडणार नाही अशा जड दगडी डोणीत किंवा मातीच्या भांड्यात ठेवावे. एक भांडे सांडले तर दुसरे असावे. कुत्रे जोरजोरात धापत असेल, लाळ चिकट झाली असेल, पाय लटपटत असतील तर त्याला सावलीत आणा, अंगावर नळाचे पाणी ओता, वारा घाला आणि लगेच पशुवैद्यकांकडे न्या. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतू नका.

तिठ्यावर आणखी एक दृश्य दिसते. गोव्याकडे जाणारी गाडी हॉटेलसमोर उभी, काचा वर, आत कुत्रे. बाहेर ३० अंश असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ४० अंश आणि अर्ध्या तासात ४८ अंशांच्या आसपास तापमान जाते. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. हाच हिशेब लहान मुलालाही लागू आहे.

हाताशी काय ठेवता?

एकटे कुत्रे कंटाळले की जे सापडेल ते तोंडात घालते. टेबलावर ठेवलेली गोळ्यांची पाकिटे आधी उचला. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या आपल्या साध्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात. चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षे आणि बेदाणेही तसेच. उंदरांचे औषध जेथे टाकले असेल तेथे कुत्र्याला ठेवू नये. आपल्याकडचा खास धोका म्हणजे आंब्याची बाठ. हंगामात परसात बाठांचा ढीग पडतो, कुत्रे एखादी गिळते आणि ती आतड्यात अडकते. मग उलट्या, पोटदुखी आणि शेवटी शस्त्रक्रिया. मासळीचे मोठे काटे आणि दोरीसकट टाकलेला गळ यांचीही तीच कथा.

बांधलेल्या कुत्र्याला सापापासून पळता येत नाही. आपला रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी प्रसिद्ध. चिऱ्यांचा ढीग, सरपण, पालापाचोळा यांच्याजवळ कुत्रे बांधू नये. आणि तिन्हीसांजेनंतर कुत्रे बाहेर बांधलेले असणे म्हणजे बिबट्याला आमंत्रण. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आज यायला उशीर होणार हे ठाऊक असेल तर शेजाऱ्यांना फोन करून कुत्र्याला आत घ्यायला सांगा. कुत्र्याच्या मागे बिबट्या पडवीपर्यंत येतो तेव्हा पडवीत खेळणारी पोरेही असतात.

जो चावा कोणी पाहिला नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. दिवसभर एकट्या असलेल्या कुत्र्याचे काय झाले हे पाहायला कोणीच नसते. एका घरची हकीकत सांगतो. नवरा-बायको, दोन मुले आणि आजी अशी पाच माणसे. आजी लेकीकडे गेलेल्या, बाकीचे कामावर आणि शाळेत. संध्याकाळी आले तर पडवीत बांधलेल्या कुत्र्याच्या नाकाजवळ जखम. मांजराने ओरखडले असेल म्हणून हळद लावली. कुत्र्याला लस कधी दिलेली नव्हती. त्या दिवशी पाखाडीवरून एक अनोळखी कुत्रे लाळ गाळीत, दिसेल त्याला चावत गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले, पण ते पुष्कळ नंतर.

सुमारे पाच आठवड्यांनी कुत्र्याने खाणे सोडले. आवाज घोगरा झाला, जबडा खाली लोंबू लागला, लाळ गळू लागली. घरच्यांना वाटले घशात हाड अडकले. घरधन्याने तोंडात हात घालून हाड शोधले, मोठ्या मुलाने जबडा धरला, आजींनी चमच्याने पेज भरवली. तिसऱ्या दिवशी कुत्रे गेले. त्यानंतर घरधनी माझ्याकडे आले ते पाठीच्या दुखण्यासाठी. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टर, आमचा मोत्या गेला हो. घशात हाड अडकलं, शेवटपर्यंत सापडलं नाही." त्यांच्या बोटांवर दातांचे ओरखडे अजून दिसत होते.

मी त्यांना पाठीचे औषध दिले नाही. आधी हात साबणाने धुवायला लावले आणि पाचही जणांना त्याच दुपारी सरकारी रुग्णालयात पाठवले. पशुवैद्यकांनीही लक्षणे ऐकून रेबीजचाच दाट संशय व्यक्त केला. सर्वांना लस आणि ज्यांच्या हातावर ओरखडे होते त्यांना जखमेत सीरमही दिले गेले. आज पाचही जण ठणठणीत आहेत. पण ती पाठ दुखली नसती तर? रेबीजची लक्षणे माणसात एकदा सुरू झाली की आजही आमच्या हातात जवळजवळ काहीच राहत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मधील देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज असा की, देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावतात. चावणाऱ्यांत चारातील तीन कुत्री. हे सगळे मृत्यू टळण्याजोगे आहेत. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम राबवली गेली आणि काही वर्षांतच कुत्र्यांतील रेबीज ९० टक्क्यांहून अधिक घटला.

तेव्हा हे पक्के लक्षात ठेवा:

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्या, पशुवैद्यक सांगतील तेव्हा दुसरा डोस आणि पुढे दर वर्षी. लसीचे कार्ड दाराच्या आत खिळ्याला अडकवा आणि शेजाऱ्यांना ते कुठे आहे हे सांगून ठेवा.

घरी आल्यावर कुत्र्याच्या अंगावरून रोज हात फिरवून पाहा. न कळलेली जखम दिसली तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून ती साबणाच्या पाण्याने धुवा आणि पशुवैद्यकांना दाखवा. आधी लस दिलेली असली तरी दाखवा.

कुत्र्याचा आवाज बदलला, जबडा लोंबला, गिळता येईना, तर तोंडात हात घालू नका. हाड आहे की नाही हे पशुवैद्यक पाहतील.

माणसाला चावा किंवा ओरखडा झाला तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे, घड्याळ लावून, धुवा. चुना, तिखट, हळद, तंबाखू काही लावू नका, टाके घालायची घाई करू नका. त्याच दिवशी लस सुरू करा. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, तर दंडाच्या स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवशीही लस घ्यावी लागते. पूर्वी पूर्ण कोर्स झालेल्याला फक्त दोन डोस पुरतात. रक्त निघालेल्या जखमेत सीरम लागते, ते टाळू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने अजूनही काहीजण दडून बसतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली.

चावलेले कुत्रे घरचे असेल तर त्याला मारू नका, हाकलू नका. दहा दिवस नजरेखाली ठेवा. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण लस सुरू करायला या दहा दिवसांची वाट पाहायची नाही.

शेवटी एवढेच

ज्यांच्या घरी दिवसाचे दहा तास कोणी नसते, मधली फेरी घालायलाही कोणी नाही, त्यांनी कुत्रे आणण्याआधी पुन्हा एकदा विचार करावा. चोरासाठी चांगले कुलूप आणि दारातला दिवा पुष्कळ काम करतो. ज्यांनी आधीच आणले आहे त्यांनी येत्या रविवारी तीन कामे करावीत. दुपारी एक वाजता आपल्या कुत्र्याच्या जागेवर ऊन येते का ते पाहावे. लसीचे कार्ड शोधावे, सापडले नाही तर सोमवारी पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट धरावी. आणि शेजारच्या घरी जाऊन, "आमचं कुत्रं दिवसभर काय करतं हो?" असे मोकळेपणाने विचारावे. उत्तर कडू निघाले तरी चहा घेऊनच उठावे, कारण उद्या आपल्या मागे त्या कुत्र्याला पाणी द्यायला तेच येणार आहेत.